उत्प्रेरक : चेतवायचा किती, आवरायचा किती?

भट्टीवाला

उत्प्रेरक म्हटलं की "अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः बदलत नाही" हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं. माझी बरीच वर्षं कन्व्हर्टर आणि रिफॉर्मर, म्हणजे उत्प्रेरक भरलेल्या मोठ्या यंत्रांच्या आसपास गेली आहेत, आणि हे वाक्य मला फार अपुरं वाटतं. कारखान्यात नुसता वेग कुणालाच नको असतो. हवा तोच पदार्थ, झेपेल त्या वेगाने आणि वर्षानुवर्षं मिळायला हवा असतो. त्यासाठी उत्प्रेरकात काहीबाही मिसळून त्याला चेतवावं लागतं आणि तितक्याच काळजीने आवरावंही लागतं. या दोन्हींत आवरणं हे जास्त कसबाचं काम, असं माझं ठाम मत आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सुरुवात अमोनियापासून करतो. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांनी प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला तो ऑस्मियमवर. पण ऑस्मियम जगात होताच किती! बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत मिटाश यांनी हजारो मिश्रणं तपासायला घेतली. त्यात स्वीडनमधल्या गॅलिव्हारे इथल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा एक नमुना अनपेक्षितपणे चांगला निघाला. शुद्ध लोखंड मात्र तितकं चालेना. म्हणजे गुण लोखंडाबरोबर आलेल्या भेसळीत होता. मग पद्धतशीरपणे एकेक घटक घालून पाहिला गेला आणि लोखंड, अ‍ॅल्युमिना, पोटॅश, चुना अशी जोडणी हाती आली. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आजचा लोखंडी उत्प्रेरक मुळात तोच आहे.

गंमत अशी की अ‍ॅल्युमिना किंवा पोटॅश यांच्यापैकी कुणीही स्वतः अमोनिया करत नाही. ते फक्त लोखंडाला मदत करतात. अशा मदतनीसाला आपण प्रमोटर म्हणतो. आणि त्याच लोखंडावरून गंधक, क्लोरीन किंवा आर्सेनिकचा अंश गेला की उत्प्रेरक कायमचा बाद होतो. अगदी थोड्या अंशाने इकडचं तिकडे होतं, म्हणून हा विषय मला इतका जवळचा वाटतो.

---

प्रश्नचिन्ह

छान धागा! मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत. प्रमोटर नेमकं काय करतो? आणि तो इतका उपयोगी असेल तर अजून जास्त का घालत नाहीत? शिवाय प्रमोटरमुळे समतोलावर, म्हणजे शेवटी किती अमोनिया बनू शकतो यावर, काही परिणाम होतो का?

---

भट्टीवाला

@प्रश्नचिन्ह, समतोलाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. उत्प्रेरक असो की प्रमोटर, समतोल तसूभरही हलत नाही. पुढची आणि मागची अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग सारख्याच पटीने वाढतो. पण याला एक मोठी व्यावहारिक बाजू आहे. अमोनियाची अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. तापमान वाढवलं की समतोलात अमोनिया कमी मिळतो, आणि कमी केलं की अभिक्रिया रेंगाळते. उत्प्रेरक जितका तल्लख, तितक्या कमी तापमानाला काम चालतं आणि समतोल आपल्या बाजूला राहतो. चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस हा जो पट्टा ठरला आहे, तो या ओढाताणीतून.

आता प्रमोटर. अ‍ॅल्युमिना लोखंडाच्या बारीक स्फटिकांमध्ये अडसरासारखा बसतो. तो नसेल तर त्या तापमानाला स्फटिक एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो. म्हणजे त्याचं काम रचना टिकवण्याचं. पोटॅशियमचं काम वेगळं आहे. ते लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतं आणि त्यामुळे नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तुटणं सोपं होतं. तो बंध तुटणं हीच सगळ्यात संथ पायरी असते. शिवाय तयार झालेला अमोनिया पृष्ठभागाला कमी चिकटतो आणि जागा लवकर मोकळी होते. गेरहार्ड एर्टल यांनी लोखंडाच्या स्वच्छ स्फटिकांवर हे टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवलं. पृष्ठभागावरच्या रासायनिक प्रक्रियांच्या त्यांच्या एकूण कामाला २००७ चं नोबेल मिळालं.

"जास्त का घालत नाहीत" याचं उत्तरही यातच आहे. पोटॅशियमने लोखंडाचा एकूण पृष्ठभाग कमी होतो. अ‍ॅल्युमिना नसताना एकटं पोटॅशियम घातलं तर फायदा मिळत नाही, उलट नुकसान होतं. दोघं एकत्र आले की मात्र दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त मिळतं. म्हणून अ‍ॅल्युमिना काही टक्के आणि पोटॅश त्याहून कमी, असं माप बसलेलं आहे.

---

काचपात्र

भट्टीवाला, मनापासून आवडला धागा. माझं काम सेंद्रिय संश्लेषणातलं, त्यामुळे "आवरणं" या बाजूने लिहिते.

पॅलेडियम हा फार उतावळा धातू आहे. अल्काइनमधल्या (कार्बनच्या दोन अणूंमधल्या) तिहेरी बंधावर हायड्रोजन चढवायला घेतलं की तो दुहेरीवर थांबत नाही, थेट एकेरीपर्यंत जातो. आपल्याला हवा असतो मधला, दुहेरी बंधाचा अल्कीन, तोही सिस रूपातला (दोन्हीकडचे गट एकाच बाजूला असलेला). हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये यावर जो उपाय दिला तो असा: पॅलेडियम कॅल्शियम कार्बोनेटवर बसवायचा, शिशाच्या क्षाराने त्याला मुद्दाम अर्धवट निकामी करायचा आणि प्रयोगाच्या वेळी वर थोडं क्विनोलिन (नायट्रोजन असलेलं एक सेंद्रिय संयुग) घालायचं. एरवी जे विष म्हणून टाळतो, तेच इथे मापून घातलं जातं. जीवनसत्त्व अ च्या औद्योगिक संश्लेषणात हा उत्प्रेरक फार कामाला आला.

प्रयोग करताना हे प्रत्यक्ष दिसतं. किती हायड्रोजन ओढला जातोय याची नोंद घेत बसायचं. साध्या पॅलेडियमवर आलेखाची रेघ सरळ चढत जाते, मध्ये कुठेही अडखळत नाही. लिंडलारच्या उत्प्रेरकावर एक तुल्यभार (अल्काइनच्या दर रेणूमागे एक रेणू) हायड्रोजन संपला की रेघ ठळकपणे वाकते. कारण असं की अल्काइन पृष्ठभागाला अल्कीनपेक्षा घट्ट धरतं. अल्काइन शिल्लक असेपर्यंत तयार झालेल्या अल्कीनला परत बसायला जागाच मिळत नाही. शिसं आणि क्विनोलिन ही स्पर्धा आणखी कडक करतात.

पण लक्षात घ्या, रेघ वाकते, आडवी होत नाही. अल्काइन संपल्यावर हळूहळू पुढची अभिक्रिया चालूच राहते. त्यामुळे "लिंडलार आहे, राहू दे रात्रभर" असं कुणी म्हणालं तर मी स्वतः जाऊन हायड्रोजन बंद करते. रेघ वाकली की नमुना काढून तपासायचा आणि तिथेच थांबायचं.

याच जातीचा आणखी जुना उपाय म्हणजे रोझेनमुंड यांचा, १९१८ चा. बेरियम सल्फेटवरचा पॅलेडियम गंधक आणि क्विनोलिनयुक्त विषाने मंद करायचा. आम्ल क्लोराइडपासून अल्डिहाइड मिळतं आणि ते पुढे अल्कोहोलपर्यंत घसरत नाही.

---

रात्रपाळी

काचपात्रताई, प्रतिसाद उत्तम, पण एक इशारा द्यावासा वाटतो. मी रिफायनरीत काम करतो. "विष मापून घातलं तर औषध" हे वाचून नवशिक्यांच्या मनात भलताच विश्वास बसू शकतो. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये विष बहुतेक वेळा विषच असतं. निकेलच्या रिफॉर्मिंग (नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणाऱ्या) उत्प्रेरकावर गंधक गेलं तर नळ्यांवर कोळसा धरतो, नळ्या तापून लाल पट्टे दिसू लागतात आणि मग उत्पादनाचं सोडा, नळी वाचवायची धावपळ होते. एका ठिकाणी गंधक काढणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या थराकडे वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही आणि पुढचा सगळा निकेल उत्प्रेरक बदलावा लागला, हे मी जवळून पाहिलं आहे.

तरी धाग्याचा मुद्दा मला मान्य आहे, कारण आमच्याकडे गंधकाचीच तीन रूपं दिसतात.

डिझेलमधलं गंधक काढणारा कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक ऑक्साइड रूपात येतो आणि कामाला लावण्याआधी त्याला मुद्दाम गंधक पाजावं लागतं. त्यासाठी डायमिथाइल डायसल्फाइड सोडतात. काम करतं ते मॉलिब्डेनम सल्फाइड, आणि कोबाल्ट त्याच्या थरांच्या कडांवर बसून त्याला चेतवतो. गंधक न देता गरम हायड्रोजन सोडला तर ऑक्साइडचं क्षपण होतं (त्यातला ऑक्सिजन निघून जातो) आणि उत्प्रेरक वाया जातो. म्हणजे इथे गंधक हे अन्नच.

नाफ्थ्याच्या (कच्च्या तेलातल्या हलक्या भागाच्या) रिफॉर्मिंगमधला, म्हणजे त्यापासून चांगलं पेट्रोल बनवणारा, प्लॅटिनम-ऱ्हेनियम उत्प्रेरक नवा असताना इतका चवताळलेला असतो की रेणू तोडून मिथेनच करत सुटतो आणि तापमान झपाट्याने चढतं. म्हणून सुरू करतानाच थोडं गंधक देऊन त्याला शांत करायचं. पण एकदा बसला की नंतर फीडमध्ये (आत जाणाऱ्या कच्च्या मालात) गंधक जवळपास नकोच, एक पीपीएमच्याही (दहा लाखांत एक भाग) खाली.

आणि निकेलवर तर मी वर लिहिलं तसं. मात्र तिथेही गंधकाने मुद्दाम बराचसा पृष्ठभाग झाकून कोळसा रोखणारी पद्धत वापरात आलेली आहे. कोळसा धरायला शेजारशेजारच्या बऱ्याच जागा एकत्र लागतात, रिफॉर्मिंगला कमी लागतात, हे त्यामागचं गमक.

---

फळा-खडू

वाचतोय. सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण. मी शिकवतो, त्यामुळे एक गोंधळ वेळीच दूर करावासा वाटतो. उत्प्रेरकाला आवरणं आणि अभिक्रियेला आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाठ्यपुस्तकं दोन्ही एकाच परिच्छेदात उरकतात.

शिसं पॅलेडियमच्या पृष्ठभागावर बसतं तेव्हा ते उत्प्रेरकाला आवरतं. उलट साठवलेल्या स्टायरीनमध्ये (प्लास्टिकचा कच्चा माल असलेल्या द्रवात) जो निरोधक घालतात तो मुक्त मूलकांना, म्हणजे रेणूंची साखळी वाढवत नेणाऱ्या चंचल तुकड्यांना, गाठून संपवतो, तिथे उत्प्रेरकाचा संबंधच नाही. शिवाय तो स्वतः खर्च होतो, म्हणून साठा जुना झाला की त्याचं प्रमाण तपासावं लागतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड हे तिसरंच प्रकरण. त्यात टिकाऊपणासाठी फॉस्फेट किंवा स्टॅनेट घालतात. विघटन घडवणारे लोह-तांब्यासारख्या धातूंचे अंश ते बांधून ठेवतात, म्हणजे न मागता आलेला उत्प्रेरकच बाजूला करतात. वर्गात मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाकून फसफस दाखवतो, तेव्हा "मग बाटलीत ही फसफस का होत नाही?" हा प्रश्न मी आवर्जून विचारतो. तिथून मुलं खरी विचार करू लागतात.

---

प्रश्नचिन्ह

खूप धन्यवाद सर. स्टायरीनच्या निरोधकाबद्दल आणखी सांगाल का कुणी? आमच्याकडे "नायट्रोजनचं आच्छादन दिलं की साठा सुरक्षित" एवढंच शिकवलं आहे.

---

काचपात्र

@प्रश्नचिन्ह, हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा बाजूला जाऊन लिहिते. अ‍ॅक्रिलिक आम्लात (हाही स्टायरीनसारखाच आपोआप साखळीने जुळू शकणारा द्रव) जो निरोधक असतो, मिथॉक्सिफिनॉल, त्याला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो. वाढत्या साखळीचं मूलक आधी ऑक्सिजनशी जुळतं आणि मग निरोधक त्याला थांबवतो. तिथे शुद्ध नायट्रोजनचं आच्छादन दिलं तर निरोधक असूनही नसल्यासारखा. त्यामुळे "नायट्रोजन म्हणजे सुरक्षित" हे प्रत्येक द्रवाला लावू नका.

दुसरा धोका गोठण्याचा. हे आम्ल तेरा-चौदा अंशाला गोठतं. गोठताना स्फटिक शुद्ध होत जातात आणि निरोधक उरलेल्या द्रवात जमा होतो. आता कुणी पिंप अर्धवट वितळवून वरचा द्रव काढून घेतला तर निरोधक त्याच्याबरोबर गेला आणि मागे राहिलं ते जवळजवळ बिननिरोधकाचं आम्ल. त्यालाच घाईने वाफेने तापवलं तर बहुलकीकरण (रेणू साखळीने जुळत जाणं) भडकू शकतं. म्हणून ते कोमट पाण्याने, सावकाश, पूर्ण वितळवायचं आणि ढवळून एकजीव झाल्याशिवाय थेंबही काढायचा नाही.

---

विकर

जीवरसायनाच्या बाजूने थोडी भर. पेशीत आवरण्याचं काम बहुतेकदा उत्पादनच करतं. जिवाणूंमध्ये थ्रिओनीन या अमिनो आम्लापासून पाच पायऱ्यांनी आयसोल्यूसीन हे दुसरं अमिनो आम्ल तयार होतं. आयसोल्यूसीन पुरेसं साठलं की ते पहिल्याच पायरीच्या विकराला (एन्झाइमला, म्हणजे पेशीतल्या उत्प्रेरकाला) जाऊन चिकटतं आणि अख्खी साखळी मंदावते. अंबार्गर यांनी १९५६ मध्ये हे दाखवलं. ते चिकटतं विकराच्या कामाच्या जागेपासून दूर, आणि चिकटल्यावर विकराचा आकारच बदलतो. साठा संपला की ते सुटतं आणि काम पुन्हा सुरू. कारखान्यातल्या विषबाधेत हा परतीचा रस्ता क्वचितच असतो, आणि मला तो फरक फार मोलाचा वाटतो.

---

भट्टीवाला

@विकर, परतीचा रस्ता असलेलं उदाहरण कारखान्यातही आहे, आणि माझ्या मते अख्ख्या उद्योगातलं ते सगळ्यात देखणं आहे: इथिलीन ऑक्साइड.

इथिलीन आणि ऑक्सिजन चांदीवरून नेले की इथिलीन ऑक्साइड मिळतं. हे लफोर यांनी १९३१ मध्ये शोधलं. अडचण अशी की तेच इथिलीन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणीही होऊ शकतं. ऑक्साइड होताना मोलमागे साधारण १०५ किलोजूल उष्णता सुटते, तर पूर्ण जळताना १३०० च्या वर, म्हणजे बारापटीहून जास्त. म्हणजे निवडकता (हवा तोच पदार्थ मिळण्याचं प्रमाण) थोडी जरी घसरली तरी उष्णतेचा भार कितीतरी वाढतो, तापमान चढतं, तापमान चढलं की निवडकता आणखी घसरते, आणि हे चक्र आवाक्याबाहेर जाऊ शकतं. म्हणून इथे निवडकता हाच सुरक्षेचाही प्रश्न आहे.

यावर दोन्ही हातांनी काम केलं जातं. उत्प्रेरक बनवतानाच चांदीत सिझियमसारखे प्रमोटर घालतात. पुढे ऱ्हेनियमही आलं. आणि चालू रिअ‍ॅक्टरमध्ये फीडबरोबर इथाइल क्लोराइड किंवा डायक्लोरोइथेन काही पीपीएम इतकंच सोडत राहतात. क्लोरीन चांदीवर बसतं आणि जळण्याचा मार्ग मागे पाडतं. पण फीडमध्ये इथेन असतंच, ते हे क्लोरीन सतत खरवडून नेत असतं. त्यामुळे क्लोराइड एकदा घातलं आणि झालं असं होत नाही. बसणारं आणि सुटणारं यांचा ताळमेळ रोज राखावा लागतो. कमी पडलं तर निवडकता पडते. जास्त झालं तर उत्प्रेरकच सुस्तावतो आणि तापमान वाढवावं लागतं. पॅनेलवर बसणारा अनुभवी माणूस फीडमधल्या इथेनचा आकडा हलला की लगेच क्लोराइडकडे बघतो.

एके काळी इथे सात रेणूंपैकी फार तर सहाच ऑक्साइड होतील, म्हणजे ८५.७ टक्क्यांच्या वर जाणं शक्यच नाही असं मानलं जाई. चांदीवर ऑक्सिजन कसा बसतो याच्या एका कल्पनेवर तो हिशेब आधारलेला होता. नव्या उत्प्रेरकांनी ती रेषा ओलांडली आणि ती कल्पनाच बाजूला पडली.

---

फळा-खडू

भट्टीवाला, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

न मागता आलेल्या भेसळीने पुढचा रस्ता दाखवल्याचं आणखी एक उदाहरण. १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ त्सिगलर यांच्या प्रयोगशाळेत इथिलीनची साखळी अ‍ॅल्युमिनियम संयुगांवर वाढवत होते. एकदा साखळी वाढायचीच थांबली, दोन रेणू जोडून ब्युटीन झालं आणि तिथेच खेळ संपला. शोध घेतल्यावर कारण निघालं पात्रात राहिलेले निकेलचे अंश. वैतागून ते पात्र घासून पुढे जाता आलं असतं. त्यांनी उलट विचार केला की एक धातू साखळी तोडतो, तर दुसरा कुठला तरी ती वाढवतही असेल. एकेक धातू तपासत गेले आणि टायटॅनियमवर कमी दाबाला पॉलिथीन मिळालं. दहा वर्षांनी इटलीच्या नात्ता यांच्यासह नोबेल.

---

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका. चालू प्लांटमध्ये उत्प्रेरकाची ताकद कमी झाली, तर ती विषामुळे, कोळशामुळे की स्फटिक चिकटल्यामुळे, हे रिअ‍ॅक्टर न उघडता कसं ओळखायचं?

---

रात्रपाळी

@प्रश्नचिन्ह, स्थिर थराच्या रिअ‍ॅक्टरमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी साधनं) वरपासून खालपर्यंत असतात, पहिली साक्ष त्यांची. उष्णता सोडणारी अभिक्रिया असेल तर तापमानाची चढण कुठे आहे ते बघायचं. विष बहुतेकदा वरचा थर आधी खातं आणि मग पुढे सरकतं. त्यामुळे चढण तशीच उभी राहते, पण आठवड्यागणिक खाली सरकते. स्फटिक चिकटले असतील तर जिथे तापमान जास्त चढलं होतं तिथे ताकद घटलेली दिसते आणि चढण पसरट होते. मिथेनॉलच्या तांब्याच्या उत्प्रेरकाला तीनशे अंशांच्या वर नेऊ नये म्हणतात ते यासाठीच. त्यात क्लोरीनचा अंश आला तर तांब्याचे स्फटिक कमी तापमानालाही भराभर वाढतात, म्हणजे दोन्ही दुखणी एकदम.

कोळसा असेल तर बऱ्याचदा रिअ‍ॅक्टरच्या दोन टोकांमधला दाबातला फरकही वाढत जातो. कोळसा हवेचं प्रमाण अगदी कमी ठेवून सावकाश जाळला तर ताकद बरीचशी परत येते. विषाने किंवा चिकटण्याने गेलेली अशी परत येत नाही.

पण चढण खाली सरकली की लगेच "विष" म्हणून मोकळं होऊ नका. फीडचा वेग वाढला तरी ती खाली जाते. आधी मागच्या काही आठवड्यांचे फीडचे आकडे काढा, गंधक-क्लोराइडचे लॅब रिपोर्ट शेजारी ठेवा आणि मगच बोला. उत्प्रेरक रिअ‍ॅक्टरमधून उतरवताना थरानुसार नमुने वेगवेगळे भरून घ्या, प्रत्येक पिशवीवर खोली लिहा. वरच्या नमुन्यात आर्सेनिक किंवा सिलिकॉन सापडलं आणि खालच्यात नाही, तर मागचं सगळं कोडं तिथेच सुटतं. कोकरच्या (जड तेल तापवून तोडणाऱ्या युनिटच्या) नाफ्थ्यात फेस मारायला घातलेल्या सिलिकोनचं सिलिकॉन असंच वरच्या थरात बसलेलं सापडतं.

---

काचपात्र

रात्रपाळींच्या प्रतिसादाला जोडून, उतरवण्याबद्दल एकच. क्षपण झालेलं निकेल किंवा हायड्रोजनमधून काढलेलं कोळशावरचं पॅलेडियम हवेत कोरडं पडलं की पेट घेतं. गाळणीवर ते कायम ओलं ठेवा, गाळताना शेवटचा द्रव पूर्ण ओढून घेऊ नका आणि वापरलेला गाळणकागद साध्या कचऱ्यात टाकू नका, पाण्याखाली ठेवा.